तीन-तीन एकरांचं रान

अंबरनाथ पूर्व
९ डिसेंबर २०२३

हरिचंद्रकाका आणि चिमीकाकू, दोघांना नमस्कार.

परवा फोन केला तर काकूने उचलला आणि मागून तुम्ही "कोन गो, कोन हाय?" विचारत राहिलात. तुमच्या कानांशी भांडण्यापेक्षा पोस्ट बरं, म्हणून लिहायला बसले.

खरवईची बैठक डोक्यातून जात नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं नाही तोवर अल्पेश आणि कमलेश, सख्खे चुलतभाऊ, एकमेकांवर कोयता उगारतात, हे बघून मला शिसारी आली. अल्पेशला सगळं रान विकायचं होतं, कमलेशला लग्नाचं लॉन करायचं होतं, आणि तुम्हाला काय हवं ते कुणी विचारतच नव्हतं. अशा वेळी मी तोंड उघडलं. बारा एकर रानाचे डोंगरापासून रस्त्यापर्यंत चार सारखे भाग: डोंगराला लागून तुमचा, मग माझा, मग झऱ्यासकट कमलेशचा, आणि रस्त्यालगत अल्पेशचा. कुणीही एक झाड तोडायचं नाही, आणि हद्दीवरून पुन्हा भांडण नको म्हणून मधे आणि कडेने पुरुषभर भिंती. सगळ्यांनी रानातल्या देवापुढे नारळावर हात ठेवून शब्द दिला.

सगळे मला शहाणी म्हणाले. परत येताना मला मात्र सारखं वाटत होतं की काहीतरी चुकलंय. वहीत लिहून बघितलं, सापडलं नाही. एकही झाड जात नाही, एक गुंठाही कमी होत नाही, मग काय चुकलं? बहुतेक सवयच आहे माझी.

तुमची
शलाका

•

खरवई, बदलापूर
२० डिसेंबर २०२३

चि. शलाका, सुखी राहा.

तू कॉलेजात शिकवतेस म्हणून डोकं जास्त चालतं तुझं. चाललं तेवढं पुरे. बसव त्याला जरा.

भिंतींचं काम लागलं. गवंडी विचारतो, बाबा, रानात भिंत कशाला, वाघ पाळताय काय? मी म्हटलं, दोन पुतणे पाळलेत. माझ्या आणि तुझ्या मधली पहिली पुरी झाली. डोंगराकडची बाजू उघडीच ठेवली, पलीकडे फॉरेस्टवाल्यांची जागा, त्यांच्याशी कुठे भांडण. अल्पेश आणि कमलेश एकाच टोपलीतून वडापाव खात होते. दोन महिन्यांमागे एकमेकांचं रक्त पीत होते. तुझ्या आजाला हे दिसायला हवं होतं.

पावसाच्या आधी रानाची राखण द्यायची असते, दरवर्षी एक कोंबडा आणि पाच नारळ. आता चार राखणी होतील. कमलेश म्हणतो, काका, चार कोंबडे म्हणजे देवाला पण प्रमोशन. हसलो मी.

चिमी विचारते, पोर कधी येते. मी सांगितलं, तिचे पेपर तपासायचे असतात, ती आपल्याला तपासायला कशाला येईल.

काका

•

खरवई
२ ऑक्टोबर २०२४

चि. शलाका,

राखणीला आली नाहीस, गणपतीला आलीस तर रानात पाय ठेवला नाहीस. पाऊस होता, मान्य. पण तुझ्या मनात शंका होती ना, म्हणून मुद्दाम कळवतो. रान भरलेलं आहे. उलट जनावर वाढलं. सकाळी गेलो की पायांत वळवळ. पाखरं इतकी की फांदी दिसत नाही. शब्द कुणी मोडलेला नाही, एक फांदीसुद्धा गेलेली नाही. तू वाटणी केलीस ती सोन्यासारखी केलीस.

आता निर्धास्त झोप.

काका

•

अंबरनाथ पूर्व
२६ नोव्हेंबर २०२४

काका,

दिवाळीच्या सुट्टीत चार सकाळी येऊन गेले. तुमच्या घरी चहा प्यायले तेव्हा काही बोलले नाही. बोलता आलं नसतं. तुम्हाला ऐकू जाण्याइतक्या मोठ्याने हे ओरडणं मला जमलं नसतं.

तुम्ही म्हणता ते खरं आहे, जनावर वाढलंय. घुशी वाढल्यात. उंदीर, कावळे, कबुतरं, भटकी कुत्री. अल्पेशच्या भिंतीपलीकडच्या नव्या इमारतींतून लोक पिशव्या फेकतात. मी एका पिशवीवर पाय ठेवला, ती फुटली. आत बाळांचे भरलेले लंगोट होते आणि मटणाची हाडं. तीन घुशी माझ्या चपलेवरून पळाल्या. काका, मी बायॉलॉजी शिकवते, मुलांसमोर झुरळं कापते, मला सहसा किळस येत नाही. तिथे मी अल्पेशच्या भिंतीला धरून ओकले.

माझ्याकडे मी एफ.वाय.ला असतानाची वही आहे. तेव्हाही नोव्हेंबरमध्ये चार सकाळी मी रानातले पक्षी मोजले होते. या वेळी तोच महिना, तितक्याच सकाळी, तीच वेळ, नाहीतर तुलना खोटी ठरली असती. तेव्हा एकेचाळीस जाती मिळाल्या होत्या. आता चारही तुकडे धरून एकोणीस. चकोत्री नाही, निखार नाही, स्वर्गीय नर्तक नाही. उरले ते कचऱ्यावर आणि माणसांवर जगणारे.

आता मला कळलं काय चुकलं होतं ते. बारा एकर सलग असतं तेव्हा मधे एक जागा असते, जिथे काठावरचा उजेड, वारा, कुत्री, माणसाचा वास पोचत नाही. लाजरे जीव त्या मधल्या जागेत राहतात. त्याच बारा एकरांचे चार तुकडे केले की झाडं तेवढीच राहतात, पण मधली जागा उरत नाही. सगळा काठच होतो. माझ्या तुकड्यात कुठेही उभी राहिले तरी भिंत दिसते. तीन एकरांत दोन-चार जोड्या राहिल्या, एका उन्हाळ्यात मेल्या, तर भिंतीपलीकडून त्यांची जागा घ्यायला कुणी चालत येत नाही. बुलबुल उडून येईल. चकोत्री उघड्यावरून उडत नाही, ती पाचोळ्यातून चालते.

हे मी दरवर्षी बारावीला शिकवते. फळ्यावर एक मोठा चौकोन काढते, मग त्याचे चार करते आणि विचारते, काय बदललं? मुलं म्हणतात, काहीच नाही मॅडम. मी हसते. त्या बैठकीत मी स्वतः खडू हातात घेतल्यासारखे चार भाग केले आणि वर शपथ घ्यायला लावली. ती शपथ सगळ्यांनी पाळली, याचीच मला जास्त घाण वाटते. दोष द्यायला कुणी सापडत नाही, माझ्याशिवाय.

एक विचारायचं आहे. डोंगरावरून भेकर उतरायचं, झऱ्यावर. त्याचं काय? तुमच्या पत्रात त्याचं नाव नव्हतं.

शलाका

•

खरवई
१४ डिसेंबर २०२४

शलाका,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चिमीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सांगून टाक आता पोरीला. मना नाय झेपत ह्यो लपवालपवीचा धंदा." म्हणून सांगतो.

मे महिन्यात भेकराची मादी गेली. डोंगरावर पाणी आटलं की ती आपल्या बाजूने झऱ्यावर जायची, पिढ्यान्‌पिढ्या जायच्या. माझ्या तुकड्यात उतरली आणि पुढे तुझी भिंत. भिंतीलगत धावल्याच्या खुणा होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे, माती उकरून निघालेली. कुत्र्यांनी कोपऱ्यात गाठली. ओरडली असणार. मला ऐकू आलं नाही. कारखान्यात एकतीस वर्षं साच्याच्या खडखडाटात उभा राहून कान गेले, त्याचं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. सकाळी गेलो तर पोट फाडलेलं. पोटात पिल्लू होतं.

खड्डा मीच खणला. चिमीने मीठ आणून दिलं. कुणाला बोललो नाही. तू राखणीला आली नाहीस, ते बरंच झालं म्हटलं.

जनावर वाढलं असं लिहिलं ते खोटं नव्हतं. घूस पण जनावरच. पण तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं, म्हणजे खोटंच. तू विचार करकरून आजारी पडतेस, लहानपणापासून. तुझ्या बापाला पण तोच रोग.

आता काम सांगतो. आपल्या दोघांमधली भिंत मला पाडायची आहे. अर्धी तुझी आहे म्हणून विचारतो.

काका

•

अंबरनाथ पूर्व
१९ डिसेंबर २०२४

काका,

पाडा. आजच पाडा.

ते पिल्लाचं तुम्ही लिहिलं नसतंत तर बरं, असं क्षणभर वाटलं, आणि मग असं वाटल्याची लाज वाटली. तुम्ही ते सात महिने एकटे घेऊन बसलात.

भिंत पाडून सहा एकर होतील. सहा म्हणजे बाराचं अर्धं रान नव्हे, त्याहून बरंच कमी. आणि पाणी कमलेशकडेच राहतं. त्याच्याशी मी बोलते.

शलाका

•

अंबरनाथ पूर्व
१ फेब्रुवारी २०२५

काका,

कमलेशकडे जाऊन आले. त्याच्या फाटकावर काय लावलंय ते तुम्ही बघितलंत का? हिरव्या बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत: "६४ जातींच्या पक्ष्यांचं माहेरघर". मी तिथेच थिजले.

तो आकडा माझा आहे. दिवाळीत मोजणी करत होते तेव्हा तो गोड बोलून म्हणाला होता, "ताई, मला पण दे ना लिस्ट, आपल्याच रानाची तर आहे." मी चारही तुकड्यांच्या याद्या फोनवर पाठवल्या. सतरा, पंधरा, अठरा, चौदा. त्याने बेरीज केली. तोच कावळा चार वेळा, तीच साळुंकी चार वेळा. मी समजावलं तर म्हणतो, "ताई, चार जागा, चार कावळे. तुझा कावळा माझ्याकडे येतो का व्हिसा घेऊन?" त्याची बायको करिष्मा तोंडाला पदर लावून हसत होती.

एकेचाळीसचं रान एकोणीसवर आलं आणि बोर्डावर ते चौसष्ट झालं. भिंती वाढवल्या तर शंभरही होतील.

झऱ्याभोवती त्याने सिमेंटचा कट्टा केलाय. हळदीच्या कार्यक्रमातल्या थर्मोकोलच्या ताटल्या पाण्यावर तरंगत होत्या, कडेला पिवळा तवंग. झाडांना त्याने हात लावलेला नाही, तेवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो. प्रत्येक खोडाला दिव्यांच्या माळा गुंडाळल्यात.

भिंतीचं विचारलं. म्हणाला, बघू. 'बघू' म्हणजे त्याला काहीतरी हवंय.

शलाका

•

खरवई
११ मार्च २०२५

शलाका,

आपली भिंत पडली. मी, चिमी आणि तो गवंडी, ज्याने बांधली तोच. म्हणतो, बाबा, असं गिऱ्हाईक मला रोज मिळो. विटा घराच्या मागे रचल्यात. पाडल्यावर दुसऱ्या दिवशी एक मुंगूस इकडून तिकडे गेलं. बाकी काही नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून मुंगूस म्हणजे मुंगूसच.

आता कमलेशचं ऐक. काल आला. खुर्चीवर बसून मोठमोठ्याने बोलत होता, मग कंटाळून कागदावर लिहिलं. मुंबईहून सहली आणणारा कुणी एजंट आहे, त्याला चौसष्टचा आकडा खरा आहे असं प्रोफेसरच्या सहीचं पत्र पाहिजे. तू ते दिलंस तर कमलेश तुझ्या बाजूची भिंत पाडायला तयार आहे, पुरी, पायापासून. झऱ्याच्या डोंगराकडच्या बाजूचा कट्टा पण काढतो. भेकर आलं तर त्यालाही फायदाच, असं म्हणाला.

मी त्याला लिहून दिलं, शलाका असलं करणार नाही. तो म्हणाला, काका, तुम्ही विचारा तर.

मी विचारत नाही. सांगतो. करू नकोस. तुझ्या बापाने आयुष्यात एक खोटी सही केली नाही. रान गेलं तर गेलं. माझ्यामागे माझा तुकडा तुझ्या नावावर होईल, तेवढं करून ठेवतो.

काका

•

अंबरनाथ पूर्व
१७ एप्रिल २०२५

काका,

मी सही केली.

तुमचं पत्र आल्यापासून महिनाभर वहीत तेच तेच लिहीत होते. आधी वाटलं, शब्द असे फिरवून लिहावेत की कमलेशला चौसष्ट दिसेल आणि जाणकाराला खरं ते कळेल. तसा एक मसुदा केलासुद्धा. वाचून पाहिला आणि मला तो सरळ खोट्याहून घाण वाटला. त्यात रानही वाचवायचं होतं आणि मला स्वच्छही राहायचं होतं. फाडून टाकला. मग सरळ लिहिलं: या रानात पक्ष्यांच्या चौसष्ट जाती आहेत. खाली नाव, एम.एस्सी., कॉलेज, तारीख.

एक माझ्या मनातलं सांगते, तुम्हाला पटणार नाही. मी जर नाही म्हटलं असतं, तर माझी सही स्वच्छ राहिली असती आणि पुढच्या मे महिन्यात दुसरी मादी त्याच भिंतीलगत पळाली असती. भिंत माझ्या सांगण्यावरून उभी राहिली. तिची किंमत चुकवायची पाळी आली तेव्हा मी माझं नाव जपत बसले असते तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं. आता तसंही बघवत नाही. सही करून कागद त्याच्यापुढे सरकवला. कमलेश म्हणाला, "ताई, अक्षर काय सुंदर गं तुझं."

एजंट मुलांच्या सहली आणेल. माझ्याच वयाची कुणी बाई मुलांना रांगेत उभं करून माझा आकडा वाचून दाखवेल. त्यातलं एखादं मूल मोजायला लागलं तर त्याला एकोणीसच मिळतील, आणि त्याला वाटेल आपल्यालाच दिसत नाहीत. 

तुम्ही बोलणं टाकलंत तरी चालेल. भिंत पडली का, एवढं एका ओळीत कळवा.

शलाका

•

खरवई
२३ मे २०२५

शलाका,

महिनाभर तुला लिहिलं नाही. लिहावंसं वाटलं नाही. चिमीने दोनदा पाकीट आणून पुढ्यात ठेवलं, मी त्यावर पानाचा डबा ठेवला.

कमलेशने भिंत पाडली. पायापासून. कट्टा पण काढला. त्याने शब्द पाळला, याचा मला राग आला. बदमाशी केली असती तर तुला चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. अल्पेश आपली भिंत काही काढत नाही, त्याच्या तुकड्यात घुशींचंच राज्य आहे, ते तसंच राहणार.

बोर्ड नवा केलाय, मोठा. चौसष्टच्या खाली तुझं नाव आहे, डिग्रीसकट. पहिल्यांदा वाचलं आणि मान खाली घालून घरी आलो. एजंट उन्हाळी शिबिराची एक बस घेऊन आला होता. मुलं चिप्स खात हिंडली, कावळ्याला बघून टाळ्या वाजवल्या. बाईंनी तुझं नाव मोठ्याने वाचून दाखवलं असावं, ओठ हलताना दिसले. तू केलंस ते वाईट केलंस. मी हे मागे घेणार नाही, मरेपर्यंत.

आता दुसरं. गेल्या सोमवारी सकाळी झऱ्याच्या चिखलात खूर उमटले होते. मी बसून बोटाने मापले. भेकरच. डोंगराकडून माझ्यात, माझ्यातून तुझ्यात, तुझ्यातून पाण्यापर्यंत सरळ रांग, कुठे थांबलेली नाही. बाजूने परत जाणारी रांग. मंगळवारी पुन्हा. काल मोठ्या खुरांशेजारी लहान होते. चिमीला नेऊन दाखवलं. ती पदर सावरून हळू मागे सरली, खुणा मोडू नयेत म्हणून.

खोटं लिहायचं नाही असं मागे कळवलं होतं, म्हणून तुझी समजूत काढायला हे लिहिलं असं समजू नकोस. येऊन बघ.

माझ्या तोंडात सकाळी तंबाखू असते. त्या बोर्डापाशी आलो की तुझ्या नावावर थुंकायचं म्हणून थांबतो. रोज थांबतो. मग पाण्यावर आज कुणी येऊन गेलं का ते बघायची घाई होते, आणि तसाच पुढे जातो.

काका